बॅटरी नसलेली गाडी

"हात खिशात," साल्मी सर म्हणाले.

वर्गातल्या सगळ्या पोरांनी हात खिशात घातले. बॉनेट उघडलेल्या गाडीभोवती ती दाटीवाटीनं उभी होती. जानेवारीचा महिना, शाळेच्या वर्कशॉपातला हीटर नेहमीसारखा रुसलेला, आणि पोरांच्या तोंडच्या वाफा एकमेकींत मिसळत होत्या.

"बॅटरीला हात लावायच्या आधी डोक्याला हात लावायचा. पहिलं काय?"

"चावी!"

"बंद करायची आणि काढून खिशात ठेवायची. मग?"

"काळी तार!"

"मग?"

"लाल!"

"आणि काळी आधी का?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. सर मनातून खूश झाले. हे 'का' शिकवायलाच तर ते तीस वर्षं या शाळेत येत होते.

"गाडीचं सगळं लोखंडी अंग काळ्या टोकाला जोडलेलं असतं," ते म्हणाले. "तुम्ही लाल आधी सोडायला गेलात आणि पाना घसरून अंगाला टेकला, की झाली ठिणगी. बॅटरीच्या डोक्यावर वायू साठलेला असतो, तो पेटला तर आम्ल डोळ्यात. पण काळी आधी सुटली, की गाडीचं अंग मुकं होतं. मग पाना कुठेही टेकू दे."

"म्हणजे मुख्याध्यापकांना आधी गप्प करायचं, मग हवं ते करायचं," वेस म्हणाला. पोरं खिदळली. वेसच्या जिभेला कुठलंच टोक सोडून बंद करता येत नसे.

"मार्ला, तू ये. सोड काळी."

मार्ला पुढे आली. ती तळ्याच्या पलीकडच्या किनाऱ्यावर राहायची आणि हिवाळाभर इतर दोघाचौघांसारखी गोठलेल्या तळ्यावरून स्की करत शाळेत यायची. तिनं काळा क्लॅम्प सैल केला, वर उचलला, बाजूला वळवून फडक्यात गुंडाळला. मग लाल. मग बॅटरी दोन्ही हातांनी, न कलंडवता, पोटाशी धरून टेबलावर ठेवली.

"शाब्बास," सर म्हणाले. "आता ही गाडी म्हणजे नुसता पत्रा."

ऑटर लेकच्या गावाला हिवाळाभर धीर धरायला काहीतरी लागतं. म्हणून दरवर्षी शाळेची पोरं एक भंगार गाडी घ्यायची, तिच्यातलं इंजिन, तेल, पेट्रोलची टाकी, बॅटरी, काचा असं तळ्याला बाधेल ते सगळं काढून टाकायची, गाडी नारिंगी रंगवायची आणि ढकलत तळ्याच्या मध्याकडे नेऊन बर्फावर उभी करायची. आसाला लांबच लांब साखळी, साखळीचं टोक किनाऱ्यावरच्या पाईनच्या झाडाला, आणि त्याच झाडावर साखळीला दोरीनं जोडलेलं घड्याळ. वसंतात बर्फ फाटून गाडी बुडाली, की दोरीला हिसका बसून घड्याळ बंद पडायचं. ती वेळ ज्यानं सगळ्यात जवळची सांगितली असेल, त्याला पोरांनी बनवलेली होडी मिळायची. मग साखळीनं गाडी बाहेर ओढून काढायची.

यंदाची गाडी लांबलचक, तपकिरी, मागे सामानाला जागा असलेली होती. होड्या उतरवायच्या धक्क्यापाशी ती वर्षभर बेवारस पडून होती. चावी आतच होती. मालक काही आला नाही, तेव्हा गावानं ती शाळेला देऊन टाकली.

बॅटरी मात्र जवळपास नवी निघाली. मुख्याध्यापक म्हणाले, भंगारात द्या. सरांना ते पटेना. त्यांनी ती पुसली, टोकांना ग्रीस लावलं, लाकडी फळीवर ठेवली आणि चार्जर जोडला.

"थंडीत बॅटरी कशानं मरते?" त्यांनी पोरांना विचारलं. "थंडीनं नाही. उपासानं. भरलेली असली तर ती कसल्याही गारठ्याला भीत नाही. रिकामी झाली की आतलं आम्ल पाण्यासारखं पातळ होतं, गोठतं, आणि पेटी तडकते. तेव्हा हिला उपाशी ठेवायचं नाही."

मार्चच्या सुरुवातीला वर्कशॉपातला फोन वाजला. सरांची धाकटी बहीण वर्ना बोलत होती. तिचं कॉफीचं दुकान अगदी तळ्याला लागून होतं.

"अर्वो, पोरांना एवढं शिकवतोस आणि स्वतः गाडीतला दिवा चालू ठेवून येतोस?"

"कुठल्या गाडीतला?"

"तळ्यातल्या. आतला दिवा जळतोय."

"ऊन पडलं असेल काचेवर."

"ऊन? आज? आणि काचा तूच काढल्यास ना!"

सर कोट चढवून गेले. आभाळ खाली आलेलं, तळं राखेच्या रंगाचं. आणि दूर, त्या नारिंगी ठिपक्याच्या पोटात, एक पिवळा उजेड होता. लहानसा, स्थिर. बाहेर कुणाची तरी वाट बघत गाडीत बसलेल्या माणसानं लावून ठेवावा तसा.

"वात्रट पोरं," ते म्हणाले. "दुसरी बॅटरी नेऊन ठेवली असणार."

बर्फ अजून भक्कम होता. ते चालत गेले. बॉनेट उघडलं. बॅटरीची जागा रिकामी होती. तिथे वाऱ्यानं आणलेला भुसभुशीत बर्फ साचला होता. फडक्यात गुंडाळलेली केबलची दोन्ही टोकं, मार्लानं ठेवली तशीच, दोन बाजूंना. सरांनी हातमोजा काढून छताच्या दिव्याला बोट लावलं. दिवा गरम होता.

काचा नसल्यामुळे आत बर्फ उडून सगळ्या सीटांवर साचला होता. चालकाची सीट तेवढी कोरडी होती.

परत येताना त्यांची पावलं भराभर पडत होती. भीती वाटली नाही असं नाही, पण त्याहून जास्त त्यांना झालं होतं ते वेगळंच. पहिल्यांदा इंजिन उघडलेल्या पोराला होतं ते.

वर्कशॉपात येऊन त्यांनी बॅटरीला मीटर लावला. चार्जर रात्रीच काढला होता. बॅटरी पूर्ण भरलेली असायला हवी होती. ती अर्ध्यावर आली होती.

दुसऱ्या दिवशी तासाला त्यांनी पोरांना सगळं सांगितलं. लपवायचं कशाला? वर्गाची जत्रा झाली. मार्ला दुर्बीण घेऊन वर्नाच्या दुकानातल्या फोनपाशी बसली. इकडे सरांनी फोन कानाला लावला आणि वेसला हेडलाइटचा एक सुटा बल्ब बॅटरीला जोडायला सांगितला.

"लाव."

बल्ब पेटला. फोनमधून मार्ला किंचाळलीच. "सर! बारीक झाला! तळ्यातला दिवा बारीक झाला!"

"काढ."

"आला! पुन्हा मोठा झाला!"

"तिला सांगू नका," फोनवर तळहात ठेवून सर वर्गाला म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "आता वेस मनाला येईल तेव्हा लावेल, काढेल. कुणीही तोंडातून आवाज काढायचा नाही. अंदाज आणि पुरावा यातला फरक इथेच कळतो."

वेसनं लावला, काढला, लावल्यासारखं करून लावलाच नाही, मग बराच वेळ तसाच धरून ठेवला. मार्ला प्रत्येक वेळी बरोबर सांगत गेली. शेवटी वेसनं बल्ब खाली ठेवला आणि हळूच म्हणाला, "सर, मला आता चेष्टा सुचत नाहीये."

बातमी गावभर झाली. संध्याकाळी लोक सहकुटुंब किनाऱ्यावर यायला लागले. वर्नाच्या दुकानात पास्टी पुरेनात. बटाटा-मांस भरलेल्या त्या गरम करंज्या लोक हातमोज्यात धरून उभ्यानं खायचे आणि तळ्याकडे बोट दाखवायचे. आठवड्यानं आतल्या दिव्याबरोबर पुढचे दोन्ही हेडलाइट लागले, तेव्हा किनाऱ्यावर टाळ्या पडल्या.

सर रोज सकाळी बॅटरी भरायचे. रोज संध्याकाळी ती उतरलेली असायची.

"टाकून दे ती, अर्वो," वर्ना एकदा कप विसळत म्हणाली. "किंवा उपाशी ठेव. दिवा आपोआप विझेल."

"चांगली बॅटरी आहे गं. तडकून जाईल. आणि अजून काहीच कळलेलं नाही. कशातून जाते ही वीज? तार नाही, काही नाही."

"तुला सगळं कळायलाच हवं का?"

"मास्तर आहे मी."

"काल मागचे लाल दिवे लागले होते. बघितलेस?"

सरांनी बघितले होते. लागले, विझले, पुन्हा लागले. किनाऱ्यावरची पोरं त्यालाही टाळ्या वाजवत होती. सर वाजवू शकले नव्हते. हेडलाइट तारांच्या गोंधळानं लागू शकतात, आतला दिवाही लागू शकतो. मागचे ते लाल दिवे ब्रेकचे होते. त्यांचा खटका पेडलवर असतो. ते लागायला पाय लागतो.

तरीही दुसऱ्या सकाळी त्यांनी चार्जर जोडला.

एप्रिल उजाडला. बर्फ काळपट झाला, किनाऱ्याकडे पाण्याच्या पट्ट्या दिसू लागल्या. नारिंगी पत्रा उन्हात तापतो, त्यामुळे गाडीखालचा बर्फ सगळ्यात आधी पातळ होतो. गाडीभोवती आता पाण्याचं कडं चमकत होतं. तळ्यावर जायला गावानं बंदी केली. पलीकडच्या पोरांसाठी तळ्याला वळसा घालून जाणारी बस सुरू झाली. बर्फावरच्या वाटेच्या खुणेला रोवलेली स्प्रूसची रोपटी एकेक करून कलली आणि आडवी झाली.

त्या दिवशी शाळा सुटायच्या सुमाराला धुकं आलं. ते डोंगरावरून उतरलं नाही, बर्फातूनच वर आलं, आणि बघता बघता पाईनचं झाडसुद्धा दिसेनासं झालं. सर वर्नाच्या दुकानात खिडकीशी बसून दालचिनीचा कडक टोस्ट कॉफीत बुडवत होते. बाहेर सगळं पांढरं होतं आणि त्या पांढऱ्यात फक्त दोन पिवळे डाग होते.

वेस धापा टाकत आत आला. "सर, मार्ला बसमध्ये चढलीच नाही."

"मग कुठे आहे?"

"तिच्या स्की नाहीत फडताळात. म्हणाली होती, बसनं तास जातो, बर्फ अजून एक दिवस धरेल."

वर्नानं काहीएक न विचारता फोन उचलला आणि अग्निशमनवाल्यांना बोलावलं. त्यांची बर्फावर चालणारी होडी गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. यायला वेळ लागणार होता.

सर दारात जाऊन ओरडले. "मार्ला!"

काही नाही. मग, खूप लांबून, आनंदी आवाजात उत्तर आलं.

"सर! वाट चुकले होते! पण दिसला तुमचा ट्रक!"

सरांचा ट्रक दुकानाच्या मागे उभा होता. त्याचे दिवे बंद होते.

"तो ट्रक नाही! मार्ला, थांब! तिथेच थांब!"

"ऐकू येत नाही! येतेच मी! दिवे चालू ठेवा!"

धुक्यात आवाज चहूकडून येतो. तिला शब्द पोचत नव्हते, दिशा तर मुळीच नाही. तिला फक्त दिवे दिसत होते, आणि दिव्यांभोवती पाण्याचं कडं होतं.

"आपले दिवे लावू," वेस म्हणाला.

"गाडीचे तिला जवळ आहेत, ती त्यांच्याकडेच जाईल. आधी ते विझायला हवेत." बोलता बोलताच सर ट्रकमध्ये चढले होते. "बस. शाळेत चल."

चढावरची शाळा हाकेच्या अंतरावर होती. वर्कशॉपात बॅटरी फळीवर होती, सरांनी सकाळीच काठोकाठ भरलेली.

वेसनं टेबलावरचा पाना उचलला. "सर, हा आडवा टाकू दोन्ही टोकांवर? एका फटक्यात मरेल."

"एका फटक्यात फुटेल. तुझे डोळे जातील आणि आपल्याला उजेड मिळणार नाही. खाली ठेव तो. बॅटरी घे. सरळ धर, कलंडू देऊ नकोस."

उतारावरून ट्रक घसरतच खाली आला. पार पाण्यापाशी, बर्फाकडे तोंड करून सरांनी तो उभा केला. टपावर बर्फ उपसताना लागणारे दोन मोठे दिवे होते. सरांनी त्यांच्या तारा ट्रकपासून तोडल्या आणि खाली ओढल्या.

मागून वर्ना म्हणाली, "अर्वो, ते लाल दिवे लागलेत. लागलेच आहेत. विझत नाहीत आता."

सरांनी वर बघितलं नाही. सोडताना काळी आधी. जोडताना लाल आधी. त्यांनी लाल जोडली.

मग काळी.

पहिला दिवा भक्कन पेटला. धुक्यात पांढरा खांब उभा राहिला.

तळ्यातले दोन डाग मंद झाले. नारिंगी झाले. पण विझले नाहीत.

"सर! दिवे का घालवताय?" मार्लाचा आवाज. आता तो किनाऱ्यापासून आणखी लांब होता.

"दुसरा!" सर ओरडले. "वेस, दुसरी तार!"

वेसनं दुसरी तार दिली. सरांनी ती टोकाला टेकवली. ठिणगी उडाली, हाताला चटका बसला. त्यांनी तार सोडली नाही.

दुसरा दिवा पेटला.

तळ्यातले डाग लाल झाले. विस्तवासारखे. मग एक गेला.

मग दुसरा गेला.

आता फक्त किनाऱ्यावरचा पांढरा उजेड उरला.

"सर?" मार्ला म्हणाली. "तुम्ही मागे कसे गेलात?"

"माझ्याकडे ये!" सर जीव तोडून ओरडले. "उजेडाकडे ये, पोरी! थांबू नकोस, जोर देऊन पाय टाकू नकोस, घसरत ये!"

स्कीचा खरखराट ऐकू येऊ लागला. मधेच पाण्याचा आवाज. पुन्हा खरखराट. सर बॅटरीवर ओणवे झाले होते, तार टोकाला दाबून धरून. बोटं भाजत होती.

तेवढ्यात तळ्यानं मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज झाला. पायांखालची साखळी खडखडली, ताठ झाली, पाईनच्या सालीत रुतली. घड्याळ बंद पडलं.

त्याकडे कुणीच पाहिलं नाही.

धुक्यातून आधी निळी टोपी आली. मग मार्ला. गुडघ्यापर्यंत भिजलेली, गाल लाल, आणि हसत. वर्नानं तिला मिठीत ओढलं आणि त्याच हातानं पाठीत एक धपाटा घातला.

"बस काय वाईट होती, गाढवे?"

"बर्फ धरला की!"

"धरला! पाय बघ तुझे!"

वेस खाली बसून हसत होता, मग त्याचं हसू थांबेना, मग तो डोळे पुसायला लागला. "सर," तो म्हणाला, "परीक्षेत हे येणार असेल तर मी आत्ताच सांगतो, मला जमणार नाही." सरांनाही हसू आलं. किती तरी दिवसांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं. त्यांनी काळी सोडली. दिवे निमूट विझले. मग लाल. तळ्यात धुक्याशिवाय काही नव्हतं. त्यांनी मीटर लावला. बॅटरी जवळजवळ रिकामी होती. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ते म्हणाले, "असू दे."

होडीवाले आले, मार्लाला तपासून, रागावून गेले. वर्नानं तिला कोरडे मोजे, घोंगडी आणि गरम दूध दिलं. मग सर तिला रस्त्यानं घरी सोडायला निघाले. धुकं विरळ होत होतं. त्यांनी ट्रक सुरू करून हीटर लावला.

मार्ला दुसऱ्या बाजूनं चढली आणि लांब सीटवरून सरकत सरकत मधोमध, पार त्यांच्या कोपराला टेकून बसली.

"अगं, ऐसपैस बस की," सर म्हणाले. "गिअर टाकू दे मला."

तिनं त्यांच्याकडे नवलानं पाहिलं. "मग ते कुठे बसतील?"

"कोण?"

"ते. बर्फावर माझ्या पुढे होते ते. तुमचा दिवा लागला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ बघितला, आणि मग इकडे चालायला लागले. मी त्यांच्या मागनं आले." ती पाय जवळ ओढून जागा करत होती. "फार गारठलेत, सर. हीटर मोठा करा ना."

दार लावायला सरांनी तिच्यापुढून हात लांबवला.

हात पोचायच्या आधीच दार हळूच, आवाज न करता, आतून ओढून घेतलं गेलं.